घडीताईचं बरोबर आलेलं वाक्य

तिला सगळे घडीताई म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं, पण त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे ढिगाने यायच्या, त्या मोठ्या लाँड्रीत ती रोलर इस्त्रीच्या तोंडाशी उभी असायची. यंत्रातून गरम चादर बाहेर आली की दोन टोकं हिच्या हातात, दोन समोरच्या बाईच्या हातात, आणि बघता बघता चौकोनी घडी तयार.

स्वभावाने ती संशयी होती. कोणी सहज विचारलं, "आज लवकर निघालात?" तर उत्तर द्यायच्या आधी ती मनात म्हणायची, हिला का हवंय ते? दूधवाल्याने माप भरभरून दिलं तर तिला वाटायचं, म्हणजे काल कमी घातलं होतं. नवरा गेल्यावर सासरच्यांनी "चार दिवस माहेरी आराम कर" असं गोड बोलून तिला घराबाहेर काढलं होतं आणि मागून कुलूप बदललं होतं. तेव्हापासून गोड बोलणाऱ्या माणसाकडे ती पाठ करून उभी राहायची नाही.

विश्वास एकाच माणसावर, दादावर. दादा तिचा थोरला भाऊ. त्याच लाँड्रीत बॉयलर सांभाळायचा. सासरच्या दारातून तिची ट्रंक उचलून आणणारा तो, आपल्या घरामागची खोली देणारा तो, आणि मालकांपुढे हात जोडून तिला कामाला लावणाराही तोच. इस्त्रीच्या हॉलच्या खिडकीतून पटांगणापलीकडे बॉयलरची खोली दिसायची. चादर ओढता ओढता तिची नजर तिकडे जायची, आणि दाराशी स्टुलावर बसलेला दादा दिसला की तिला बरं वाटायचं.

मग लाँड्रीला एका नव्या, मोठ्या इस्पितळाचं काम मिळायची चिन्हं दिसू लागली. त्यांची माणसं पाहणीला येणार, कामगारांना इंग्रजीत प्रश्न विचारणार, असं कळलं. मालकांनी लगेच एक इंग्रजीच्या बाई ठेवल्या. दिवसपाळी सुटली की कँटीनची टेबलं ओढून वर्ग भरायचा. घडीताई पहिल्या दिवशी गेली ती फुकट कोण कशाला शिकवतंय हे बघायला. आणि गोडी लागली म्हणून जात राहिली.

ऑलवेज आणि नेव्हर हे शब्द तिला आवडले. नेहमी म्हणजे नेहमी, कधीच नाही म्हणजे कधीच नाही. पण नंतरच्या धड्यात बाईंनी सेल्डम, रेअरली, हार्डली एव्हर अशी मंडळी आणली, तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली. हे शब्द तिला सरळ वाटेनात. काही होत नसेल तर होत नाही म्हणून मोकळं व्हावं. क्वचित होतं म्हणजे होतंच की! मग कधी होतं, आणि ते कोणी पाहिलं?

बाईंनी समजावून सांगितलं. आपण म्हणतो, तो सहसा येत नाही. आपल्याला 'नाही' वेगळं लावावं लागतं. इंग्रजीत ते 'नाही' त्या शब्दाच्या पोटातच असतं, म्हणून रेअरली आलं की नॉट घालायचं नाही. घातलं तर अर्थ उलटा होतो. धुलाईच्या यंत्रावरच्या काकांनी तरी वाक्य केलंच, "आय डोन्ट रेअरली स्मोक." बाई म्हणाल्या, याचा अर्थ तुम्ही बऱ्याचदा ओढता. पॅकिंगवाली मागून म्हणाली, "मग बरोबरच आहे की वाक्य." सगळा वर्ग हसला.

पुढे बाईंनी जागा शिकवली. हा शब्द क्रियेच्या आधी बसवायचा, पण इज असेल तर त्याच्या मागून. आणि वाक्य खोटं नको, आपल्या घरातलं किंवा कामावरचं खरं काहीतरी सांगा. घडीताईची पाळी आली तेव्हा तिला दादाचंच कौतुक सुचलं. दादा सहसा बॉयलर सोडून जात नाही. तिने ते मनात उलटसुलट केलं, नॉट काढून टाकलं, रेअरली क्रियेच्या आधी ठेवलं आणि उभी राहून म्हणाली, "माय ब्रदर रेअरली लीव्ह्ज द बॉयलर."

बाईंनी टाळ्या वाजवायला लावल्या. एकही चूक नव्हती. लीव्ह्जमधला शेवटचा 'ज'सुद्धा जागेवर होता. घडीताई खाली बसली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. शाळेत असताना तिच्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात सेफ्टीसाहेब बॉयलरच्या खोलीभोवती दिसू लागले. यंत्रांची आणि माणसांची सुरक्षा बघणं हे त्यांचं काम, पण एरवी ते कागदांतच असायचे. आता कधी चहाचा पेला घेऊन पटांगणात उभे, कधी विनाकारण दारातून डोकावताहेत. एकदा त्यांनी दादाला विचारलं, तुम्ही मध्ये कुठे जाता का? दादा म्हणाला, अजिबात नाही. साहेब म्हणाले, बॉयलर पेटलेला असताना तो सोडून जायचाच नसतो, एकदाही नाही, हे ठाऊक आहे ना? आणि निघून गेले.

दादाला प्रश्न पडला की साहेबांच्या डोक्यात हे कोणी घातलं. उत्तर शोधावं लागलं नाही. पॅकिंगवालीने डबा खाताना ते आपणहून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

त्या संध्याकाळी घडीताई वहिनीला भाजी निवडू लागायला पुढच्या घरात गेली, तर दादा दाराकडे तोंड करून बसलेला.

"वर्गात माझ्याबद्दल काय बोललीस?"

"चांगलंच बोलले. दादा सहसा बॉयलर सोडून जात नाही, असं."

"सहसा कशाला? कधीच जात नाही म्हणता येत नव्हतं?"

"धडा सहसाचा होता," ती म्हणाली.

वहिनी मान खाली घालून देठ तोडत राहिली. ताट वाढल्यावर दादा जेवला नाही. घडीताई मागच्या खोलीत येऊन बसली. आधी तिला वाईट वाटलं, मग राग आला, आणि मग मनात पाल चुकचुकली. खाई त्याला खवखवे म्हणतात. हा जर खरंच जागचा हलत नसेल, तर एवढं खवखवायला काय झालं? आणि खरं सांगायचं तर तिनेही ते वाक्य हवेतून आणलेलं नव्हतं. खिडकीतून तिने त्याला पटांगण ओलांडून मागच्या वाळवणीच्या शेडकडे जाताना पाहिलं होतं. तेव्हा मनावर घेतलं नव्हतं. आता तेच पाहिलेलं तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

वाक्य साहेबांपर्यंत कसं गेलं, हे तिने आधी शोधलं. वर्ग सुटल्यावर बाईंना गाठून तिने आडवळणाने विचारलं, आमची वाक्यं तुम्ही कोणाला दाखवता का? बाईंच्या चेहऱ्यावर आनंदच फुलला. मालकांनी चहाला बोलावून वर्ग कसा चाललाय ते विचारलं, तेव्हा मी तुमचंच वाक्य म्हणून दाखवलं, सेफ्टीसाहेबही होते तिथे, सगळ्यांना फार आवडलं, असं त्या म्हणाल्या. घडीताईने त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. यात काही काळंबेरं असतं तर तिला सोपं गेलं असतं. पण बाईंनी खरोखरच कौतुक केलं होतं, आणि त्यात कोणाचं काय जाणार याची त्यांना कल्पनाही नव्हती. त्या तर इतक्या खूश होत्या की पुढे काय झालं ते घडीताईने त्यांना सांगितलंही नाही.

हॉलमध्ये वारं फिरलं होतं. ती आली की बोलणं थांबायचं. समोर उभी राहून चादरीची दोन टोकं धरणारी बाई आता टोकं धरायची आणि खिडकीबाहेर बघायची. धुलाईचे काका तिच्यादेखत विडीसुद्धा काढेनात. पॅकिंगवाली तर उघडच म्हणाली की आता शिंकायचं तरी इंग्रजीत शिंकावं लागेल, म्हणजे थेट वर कळेल. घडीताईने आयुष्यभर लोकांवर संशय घेतला होता. दुसऱ्यांनी आपल्यावर घेतला की कसं लागतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते तिला मुळीच झेपत नव्हतं.

पण संशय घेणं काही सुटलं नाही. उलट तो सगळा दादाकडे वळला. तो शेडमागे जाऊन पितो की काय, असं वाटून तिने त्याचे कामाचे कपडे धुवायला मागून घेतले आणि वास घेऊन पाहिला. तेलाचा वास, घामाचा वास, दुसरं काही नाही. मग वाटलं, कोणी बाई असेल. पॅकिंगवाली त्या बाजूला का घुटमळते? तिने तीही पाळत ठेवली. पॅकिंगवाली शेडकडे जायची ती फक्त नवऱ्याशी फोनवर भांडायला.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती. दादाच्या उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे डाग होते, जुने आणि नवे. विचारलं तर म्हणाला, बॉयलरचं काम आहे, फुलं वेचायचं नाही.

एका दुपारी इस्त्रीच्या रोलरचं कापड बदलायला काम थांबलं होतं. दादा उठला, इकडेतिकडे बघून शेडकडे निघाला. साहेब जेवायला गेलेले. घडीताई मागच्या दाराने बाहेर पडली आणि ओल्या पडद्यांच्या रांगेआडून बघू लागली.

शेडच्या टोकाला वाफेची लाइन संपायची. तिथे एक छोटा कॉक होता, लाइनीत साचलेलं पाणी काढून टाकायला. दादाने तो किंचित उघडला. फस्सकन वाफ सुटली. त्याने कान जवळ नेला, मान वाकडी करून ऐकलं, मग हात वाफेच्या पुढे धरला, झटक्यात मागे घेतला, पुन्हा धरला. कॉक बंद करून तो भिंतीला हात लावत लावत परत निघाला. पडद्यांच्या अगदी जवळून गेला. त्यांच्यामध्ये जेमतेम एका पडद्याचं अंतर होतं, आणि दोरी सैल पडल्याने तोही तिच्या कमरेखालीच लोंबत होता. दादाने तिच्याकडे पाहिलं आणि तसाच पुढे गेला.

त्याने ओळख दाखवली नाही, असं नव्हतं. त्याला ती दिसलीच नव्हती.

तरीही तिला खात्री हवी होती. मनात आलेलं तसंच मानून टाकायची तिची रीत नव्हती. दुसऱ्या दिवशी दादा शेडकडे गेल्याचं पाहून ती बॉयलरच्या खोलीत शिरली. भिंतीपाशी दाबाचा काटा दाखवणारी गोल पांढरी तबकडी होती. कामाला लागली त्या दिवशी दादानेच ती दाखवून सांगितलं होतं, काटा हिरव्यात असला की सगळं ठीक, लाल पट्ट्यात गेला की पळायचं. तिने हातातला हॉटेलचा पांढरा नॅपकिन ओला केला आणि तबकडीवर नीट चिकटवून ताणून बसवला. काटा, आकडे, हिरवं, लाल, सगळं झाकून गेलं. मग ती दाराशी येऊन उभी राहिली.

दादा आला. ती "आलास?" म्हणाली, त्या आवाजावरून त्याने तिला ओळखलं. काम नाही का, म्हणाला.

"थांबलंय. वाफ कमी येतेय असं म्हणतात हॉलमध्ये. काटा कुठे आहे रे?"

दादाने मान वर केली, तबकडीकडे चांगला वेळ पाहिलं आणि म्हणाला, "आहे की. हिरव्यात आहे."

घडीताई पुढे गेली, नॅपकिन काढला आणि तो ओला गोळा त्याच्या हातात दिला. दादाने तो चाचपला. मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं, आणि तो स्टुलावर बसला.

तबकडीशेजारी बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काचेची नळी होती. घडीताईची नजर तिच्यावर गेली. पाणी खालच्या लाल खुणेला टेकत आलं होतं. तिने ते सांगताच दादा ताडकन उठला, हातानेच बटण शोधून त्याने पंप चालू केला. नळीत पाणी चढेपर्यंत किती चढलं ते दर थोड्या वेळाने तिलाच सांगावं लागत होतं.

मग तो बोलला. डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं दिसतं, असं म्हणाला. आधी एकाच डोळ्याला होतं, आता दोन्हींना. डॉक्टरकडे गेला नव्हता, कारण डॉक्टरने लिहून दिलं की बॉयलर गेला. सगळी खोली त्याला हातांनी पाठ होती, बर्नरचा आवाज पाठ होता, आणि दाबाचा अंदाज तो त्या कॉकच्या वाफेवरून घ्यायचा. वहिनीला ठाऊक होतं का, असं घडीताईने विचारलं. त्याने तोंड फिरवलं, म्हणजे ठाऊक होतं. देठ तोडत खाली घातलेली ती मान घडीताईला आठवली.

"पाहणी होऊन जाऊ दे," दादा म्हणाला. "मग मी आपणहून सांगतो."

"पाण्याचा आवाज येत नाही दादा. ते कशावरून ओळखणार?"

पाणी आटून बॉयलर फुटला तर समोर पटांगणापलीकडेच इस्त्रीचा हॉल होता, आणि त्यात दिवसभर बायका उभ्या असायच्या. साहेबांना सांगायला तिने त्याला उद्या सकाळपर्यंतची मुदत दिली. त्या दिवशी पाळी संपेपर्यंत ती काही ना काही निमित्त काढून येत राहिली आणि नळी बघून जात राहिली. हॉलमधल्या बायकांनी तेही पाहिलं आणि आपापला अर्थ काढला.

सकाळी ती लवकर आली. दादा साहेबांच्या खोलीकडे जाईल म्हणून फाटकाशी थांबली. दादा आला, तिच्याशी न बोलता पुढे गेला, सरळ बॉयलरच्या खोलीत शिरला, आणि थोड्याच वेळात बर्नर पेटल्याचा आवाज आला.

ती साहेबांकडे गेली. आत जाताना पॅकिंगवाली जिन्यात भेटली, तिने वाट सोडली आणि कुत्सित हसली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले की तुमच्या त्या वाक्यामुळे मला वाटलं होतं, माणूस झोप काढायला जात असेल.

तासाभरात बॉयलर बंद केला. वाफ नाही म्हणून इस्त्री बंद, वाळवणी बंद, बायका पटांगणात बसून राहिल्या. साहेब दादाला हाताला धरून बाहेर घेऊन आले, तेव्हा सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं आणि मग घडीताईकडे. ती चुगली करते, असं जे इतके दिवस उगाच बोललं जात होतं, ते आता खरं झालं होतं. दादाच्या डोळ्यांबद्दल मागाहून सगळ्यांना कळलं. काहींना पटलंही. समोरची टोकं धरणारी बाई एक दिवस आपणहून म्हणाली की बॉयलरसमोर आम्हीच होतो. पण पॅकिंगवालीचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं, सख्ख्या भावाची सांगितली, आपली काय सोडणार आहे.

पाहणीला माणसं आली, त्यांनी घडीताईला एकही प्रश्न विचारला नाही. संडास कुठे आहेत एवढंच त्यांनी इंग्रजीत विचारलं आणि ते बघून समाधानाने गेली. काम मिळालं. वर्गात पुढे असलेल्या दोघी-तिघींना मालकांनी वरची जागा दिली, त्यात घडीताई होती. इस्त्रीच्या हॉलची ती सुपरवायझर झाली. तिला ती बढती नको होती असं नाही. पण ती कुठल्या वेळेला आली, हे बघून तिच्याच मनात आलं की दुसऱ्या कोणाला हे मिळालं असतं, तर मी काय म्हटलं असतं?

दादाला मोतीबिंदू निघाला, आणि एका डोळ्याच्या मागे आणखीही काही बिघाड. चांगल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दिसायला लागलं, पण बॉयलरवर परत घेतलं नाही. मळके कपडे वेगळे करायच्या टेबलावर त्याला बसवलं. तो घडीताईशी कामापुरतं बोलायचा. पुढच्या घराचं मागच्या खोलीकडे उघडणारं दार आता आतून लावलेलं असायचं. ती पुढच्या दाराने गेली तर वहिनी चहा करायची, बस म्हणायची, पण तिच्यादेखत घरातलं काही बोलायची नाही.

एकदाच दादाने विषय काढला. पाळी संपल्यावर दोघं हात धुवायला शेजारी शेजारी उभी होती.

"खरं सांग. बढतीचं तुला आधी कळलं होतं का?"

"नाही," ती म्हणाली.

त्याने हात पुसले. विश्वास बसला की नाही, हे त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळलं नाही, आणि तिने किती बारकाईने पाहिलं असेल हे सांगायला नको.

दुसऱ्या डोळ्याच्या तपासणीच्या वेळी वहिनी तापाने पडली होती. दादा मागच्या खोलीच्या दाराशी आला. उद्या येतेस का दवाखान्यात, म्हणाला. मलाच का विचारतोय, हा प्रश्न तिच्या मनात आलाच, पण ती हो म्हणाली. बसमध्ये तो खिडकीबाहेर बघत होता. दुकानांच्या पाट्या एका डोळ्याने वाचत होता, हळू आवाजात, ओठ हलवून. ती ऐकत होती. तो एकही चुकला नाही.

दवाखान्यात नर्सने विचारलं, सोबत कोण आलंय? दादा म्हणाला, बहीण. मग आत जाताना तो नर्सकडे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "डॉक्टर जे काय सांगतील ते मला सांगा. हिला नको."

घडीताईला ते स्पष्ट ऐकू आलं. त्याची पिशवी मांडीवर घेऊन ती बाकावर बसली. नर्सने दार लोटलं होतं, पण पूर्ण लागलं नव्हतं. घडीताई उठली आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली.